बहिणीच्या सहीची साडी

माझ्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात लोकांचे उतारे आणि करार असत, आणि खालच्या कप्प्यात दोन साड्या. दोन संपल्या की पुन्हा दोन आणून ठेवायच्या. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला कपाट उघडं दिसलं की ते हसायचं, "आक्का, साड्यांचं दुकान पन काढलं काय?" मी म्हणायची, "बसा. तुमची पण बहीण असंल, मग कळंल."

जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी करण्याचं काम मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तीसेक वर्षं केलं. लोक तोंडावर एजंट म्हणतात, पाठीमागे दलाल म्हणतात, आणि कमिशन द्यायची वेळ आली की 'त्या बाईनं काय केलं एवढं' म्हणतात. मी काय केलं ते सांगते. ज्यांना भाऊ, काका, वकील आणि तलाठी मिळून फिरवत होते, अशा माणसांच्या हातात मी खरेदीचे कागद ठेवले. घासाघीस केली, भांडले, एकदा एका सरपंचावर पाण्याचा तांब्या फेकला. कुणाच्या ओळखीवर उभी राहिले नाही. ओळख असलेले सगळे माझ्या माहेरी होते, आणि माहेराशी माझं काय झालं ते पुढे येईलच.

आधी साडीचं सांगते. बाप गेला की जमिनीवर मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. मग भाऊ जमीन विकायला निघाला की बहिणीची सही लागते. बहुतेक बहिणी हक्कसोडपत्र करून देतात, म्हणजे एक पैसा न घेता आपला हिस्सा भावाला सोडतात. भाऊ त्या दिवशी बहिणीला साडी देतो, ही रीत. पण भाऊ गडबडीत साडी विसरतो. सही करून बहीण रिकाम्या हातानं उभी राहते, तिचं तोंड उतरतं, आणि तोंड उतरलेली बहीण पुढे फिरू शकते. म्हणून एजंट आपल्याकडे साडी ठेवतो. ती गुपचूप भावाच्या हातात द्यायची आणि भावानं बहिणीच्या हातात. बहिणीला वाटतं, भावानं दुकानात बसून निवडली.

हे मी शिकले सांगलीत, एका जुन्या दलालाकडे कागद लिहायला होते तेव्हा. एकदा मुद्रांक शोधताना त्यांच्या कपाटाच्या तळाशी एकाच पोताच्या हिरव्या, मोरपंखी काठाच्या साड्यांचा गठ्ठा दिसला. मी विचारलं, "काका, ह्या कुणाच्या?"

"बहिणींच्या," ते म्हणाले. "भाऊ विसरत्यात. आपन विसरायचं न्हाई."

त्याच्या दोनच वर्षं आधी माझ्या दोन भावांनी माझ्याकडून हक्कसोड घेतलं होतं. विहिरीसाठी कर्ज काढायचंय, तुझं नाव मध्ये येतं, एवढंच म्हणाले होते. रजिस्टर ऑफिसच्या आवारात थोरल्यानं माझ्या हातात साडी ठेवली. हिरवी, मोरपंखी काठाची. मी ती फक्त लग्नाकार्याला नेसायची आणि सांगायची, आमच्या दादाची पसंती आहे. त्या दिवशी त्या गठ्ठ्यासमोर मी बराच वेळ उभी होते. दादाला मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

आणि तरी, स्वतःचं ऑफिस थाटल्यावर पहिल्या आठवड्यात मीही दोन साड्या आणून ठेवल्या. धंदा तो धंदा.

आता विकणारा फिरला तर काय करायचं, हे ज्यांना जमीन घ्यायची आहे त्यांच्यासाठी. खरेदी ठरली की इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन साठेखत करतात. साठेखत म्हणजे विकणाऱ्याचा लेखी शब्द, की अमुक किमतीला, अमुक मुदतीत मी तुम्हाला खरेदीखत करून देईन. मधल्या काळात कुणीतरी जास्त दर बोलतो आणि विकणाऱ्याच्या पोटात दुखायला लागतं. बायको नको म्हणते, मुहूर्त नाही, जमिनीत देवाची जागा निघाली, अशी कारणं सुरू होतात. मिरजेकडच्या एका शिक्षकांना मी प्लॉट घेऊन देत होते. मालक फिरला. मी घरी गेले तर बायको म्हणाली, "तुळजापूरला गेल्यात." दारात त्याच्या चपला होत्या. मी म्हटलं, "अनवाणी गेले वाटतं, मोठं भक्तीचं काम." आणि ओट्यावर बसून डबा सोडला. दुपारी तीनला त्याला बाथरूमला जायला बाहेर यावं लागलं. महिन्याभरात खरेदी झाली.

सगळेच चपला विसरत नाहीत. म्हणून साठेखत नुसतं नोटरीकडे न करता रजिस्टर करायचं. विकणारा टाळतोय असं दिसलं की वकिलाकडून लेखी नोटीस पाठवायची, की आमची रक्कम तयार आहे, तुम्ही या. रक्कम खरंच तयार ठेवायची, कारण कोर्ट पहिलं तेच विचारतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यानं इसार परत दिला तर घ्यायचा नाही. घेतला की करार मोडायला तुम्हीच मान डोलावली असं धरतात. हे मी शेकडो लोकांना सांगितलं. मग माझ्यावरच वेळ आली.

आमचं गाव रहिमतपूरजवळ. वडिलांच्या शेताला लागून एक एकराचं रान होतं, दिनकरच्या घरचं. दिनकर माझ्याहून लहान, शाळेत असताना माझ्या पाठीमागून यायचा. त्याला जमीन विकायची आहे असं कानावर आलं आणि माझी झोप उडाली. मला एकरभर जमिनीची गरज नव्हती. मला तोच एकर हवा होता. भावांनी त्या कर्जावर विहीर पाडली, ठिबक केलं, आलं लावलं, दोन मजली घर बांधलं. रस्त्यानं एसटीतून जाताना मी ते घर बघायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. बांधाला बांध लागून माझी जमीन असावी, सातबाऱ्यावर माझं नाव असावं, आणि रोज सकाळी विहिरीवर येताना भावांनी मला तिथं उभी बघावं, एवढंच मला पाहिजे होतं. याला मत्सर म्हणतात हे मला कळतं.

शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. माहेरचं नाव मी सोडून बसले होते. पण नवऱ्याच्या मागे विट्याच्या पुढचा दीड एकर माळ माझ्या नावावर आला होता, त्यावर मी शेतकरी. साठेखत केलं, रजिस्टर केलं. जमिनीवर दिनकरबरोबर त्याच्या थोरल्या बहिणीचं, हिराबाईचं नाव होतं. करारात मी नेहमीचं वाक्य घातलं : बहिणीचे हक्कसोडपत्र करून आणण्याची जबाबदारी लिहून देणाराची राहील. आजवर शेकडो करारांत मी हे वाक्य घातलं. बहीण सही करतेच, हे मी धरून चालले. मी केली होती ना.

हिराक्का कोण, तर लहानपणी याच बांधावर चिंचेखाली माझ्याशेजारी बसणारी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला एक फोन करावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

चौथ्या महिन्यात दिनकरचा फोन आला. "सुमनआक्का, ताई सही द्यायला तयार न्हाई. लय समजावलं. माझा नाइलाज हाय."

"आणि पुण्याचा तो फार्महाऊसवाला? त्याचा पण नाइलाज आहे का?"

गावात कोण कुणाची जमीन बघून गेलं हे मला चहा यायच्या आत कळतं. मी फोनवर त्याच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, इसाराची सगळी रक्कम माझ्या खात्यात परत. पोरगा शहाणा झाला होता. हातात दिली असती तर मी घेतली नसती, म्हणून न विचारता खात्यात टाकली. मी त्याच दिवशी तेवढाच चेक त्याला रजिस्टर पोस्टानं पाठवला, सोबत पत्र, की ही रक्कम मी स्वीकारलेली नाही आणि खरेदी घ्यायला मी तयार आहे. मग नोटीस, मग दावा, मग ती जमीन दुसऱ्या कुणाला विकू नये असा तात्पुरता मनाई हुकूम. दाव्याची नोंद दिसताच पुण्याचा माणूस दुसरीकडे जमीन बघायला गेला.

माझे वकील म्हणाले, "आक्का, एक अडचण आहे. बहिणीनं करारावर सही केलेली नाही. जिंकलात तरी त्याच्या अर्ध्यापुरतं. उरलेले वीस गुंठे तिच्या मर्जीवर. आणि ती खरंच नको म्हणत असेल तर त्याचं कारण खरं ठरतं."

म्हणून मी हिराक्काच्या घरी गेले. विट्याच्या पुढं, डाळिंबाच्या बागा लागतात तिथं. जाताना सवयीनं कपाटातली एक साडी पिशवीत टाकली. ती अंगणात डाळिंबाच्या पेट्या भरत होती. मला बघून आधी तिनं डोळे बारीक केले, मग ओरडली, "आगं सुमे! वाट चुकलीस काय गं?"

चहा झाला. मी विचारलं, "हिराक्का, जमिनीवर सही करायला नाही म्हणालीस?"

"कुणाला न्हाई म्हनलं? जमिनीचं मला कुनी इचारलंच न्हाई."

"दिनकर काही बोलला नाही?"

"दिन्या? त्यो परवाच येऊन गेला. भाऊबीजंला येतो म्हनला, एका कागदावर सही पायजे म्हनला. म्हनलं, आण की बाबा, कुटं पायजे तिथं करते. त्यो काय माझ्या वायटाचं करंल व्हय?"

मग तिनं एक पेटी बाजूला सारली. सगळ्यात मोठी, लाल फळं. "ही दिन्याची. दर साली पाठवते. त्यो पन येतो गं, न चुकता. दर भाऊबीजंला."

खरं सांगते, मला त्या पेटीचा राग आला. हक्कसोड झाल्यानंतर माझे भाऊ तीन भाऊबीजा आले, मग फोन केले, मग तेही बंद. हिचा भाऊ येत होता, कारण हिची सही अजून व्हायची होती. पण येत होता. आणि हिच्याकडे अजून वीस गुंठे होते आणि हिला ते माहीतसुद्धा नव्हतं.

मी तिच्याकडून एका कागदावर लिहून घेतलं, की या जमिनीच्या व्यवहाराबद्दल माझ्या भावानं मला आजवर काही विचारलेलं नाही आणि मी सहीला नकार दिलेला नाही. तिनं आनंदानं सही केली. पण अर्धी जमीन तुझी आहे, हवी तर ठेव, हवी तर विकून आपले पैसे घे, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर माझा एकर जाईल, हे एक. दुसरं जास्त वाईट. मला कुणी सांगितलं होतं का? मी दिली ना सोडून? मग हिनं का ठेवावी? साडी पिशवीतच राहिली. मी ती परत आणली.

तो कागद बघितल्यावर दिनकर मऊ झाला. पुण्याचा गेलेला, कोर्टात कारण खोटं ठरणार. माझ्या ऑफिसात येऊन बसला. "आक्का, मिटवूया. ठरल्या भावात खरेदी देतो. ताईला घिऊन येतो, आधी तिचं हक्कसोड, लगेच तुमचं खरेदीखत. एकाच दिवसात." मी हो म्हटलं. उठताना त्यानं कपाटाकडे बोट केलं. "साडीचं तेवढं तुमीच बघा. मला काय कळतंय त्यातलं?"

मी साडी काढून दिली. जांभळी, पिवळ्या काठाची. माझ्या हातानं दिली.

ठरल्या दिवशी रजिस्टर ऑफिसात गर्दी होती. हिराक्का पहिल्या एसटीनं आली होती, डोक्यावर डाळिंबाची पेटी. भावासाठी. दिनकरनं पेटी घेतली आणि तिच्या हातात साडी ठेवली. तिनं ती उघडून काठावरून हात फिरवला, नाकाशी नेली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ गं सुमे. न्हानपनी ह्याला चड्डीची नाडी बांधता यायची न्हाई, आन आता बघ कशी निवडून आनलीया. जांभळा मला आवडतो ते ध्यानात हाय त्याच्या."

आमचा नंबर पुकारला. साहेबांनी कागद पुढे ओढला. तिनं पेन धरलं.

"ती साडी माझ्या कपाटातली आहे," मी म्हणाले.

"काय?"

"माझ्या कपाटातली! त्यानं निवडली नाही, बघितली पण नाही! परवा माझ्या ऑफिसातून नेली. विचार त्याला!" मग मला थांबताच येईना. "आणि वाच आधी काय लिहिलंय. अर्धं रान तुझं आहे, हिराक्का. वीस गुंठे. तू ते फुकट सोडतीयेस आणि तो मला विकतोय. त्या पैशातला एक रुपया तुला मिळणार नाही. मला पण असंच दिलं होतं, हिरवं लुगडं, मी पण सगळ्यांना सांगत फिरले दादाची पसंती म्हणून!"

सगळं ऑफिस आमच्याकडे बघत होतं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही घेणार ना जमीन? मग तुम्हीच का अडवताय?"

त्यांना काय सांगणार? गावात आता लोक म्हणतात, सुमनआक्कानं न्यायाची बाजू घेतली. न्यायबिय काही नव्हतं. ती त्या साडीला नाकाशी नेऊन वास घेत होती, ते मला बघवेना. जे खोटं आहे हे मला कळून चुकलं होतं ते हिच्याकडे अजून खरं होतं, आणि ते मला सहन झालं नाही. तिचं भलं झालं असेल तर ते माझ्या जळफळाटातून झालं.

हिराक्कानं पेन खाली ठेवलं. दिनकरला विचारलं, "व्हय रं?"

तो म्हणाला, "ताई, आवं, कामाच्या गडबडीत..."

तिनं साडीची घडी घातली, नीट, काठाला काठ जुळवून, आणि माझ्या हातात दिली. दिनकरकडून पेटी घेतली, डोक्यावर ठेवली. दारात थांबून मला म्हणाली, "त्या दिवशी घरी आलीस. चहा पिलीस. तवा का न्हाई सांगितलंस, सुमे?"

त्याचं उत्तर मी आजही तिला दिलेलं नाही. या पानावर दिलं, ते ती वाचेल असं वाटत नाही.

पुढचं थोडक्यात. कोर्टात तडजोड झाली. दिनकरच्या वाटचे वीस गुंठे ठरल्या किमतीच्या निम्म्यात मला मिळाले. हिराक्कानं आपले विकले नाहीत. सरकारी मोजणी झाली तेव्हा तिला विचारलं, कुठली बाजू हवी? ती चिंचेकडे गेली, खोडाला हात लावून उभी राहिली. "ही."

ती म्हणजे माझ्या वडिलांच्या शेताला लागून असलेली. जी मला हवी होती ती.

आता माझा सातबारा आहे. माझ्या नावाचा, मोबाईलवर केव्हाही काढून बघता येतो, आणि मी बघते. पण माझ्या आणि माझ्या भावांच्या मध्ये हिराक्काचे वीस गुंठे आहेत. तिनं घेवडा लावला, एसटीनं येऊन-जाऊन बघते, चांगला आला. दर वर्षी मी तिला दर बोलते, दर वर्षी वाढवते. ती घेवडा खुडत म्हणते, "इकायची न्हाई गं," आणि पाटीतल्या मूठभर शेंगा माझ्या ओच्यात टाकते. एवढ्या वर्षांत विकायला नाही म्हणणाऱ्या कितीतरी माणसांना मी हो म्हणायला लावलं. तिच्यापुढं माझं काही चालत नाही.

दोन वर्षं दिनकर तिच्याकडे गेला नाही. मला वाटलं होतं, आता आम्ही दोघी सारख्या झालो. हे वाटून बरंही वाटलं होतं.

गेल्या भाऊबीजेला मी माझ्या तुकड्यात होते. ती चिंचेखाली बसली होती. रस्त्यावर मोटरसायकल थांबली आणि दिनकर बांधावरून चालत आला. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यासमोर उभा राहिला, पिशवी पुढं केली. हिराक्कानं साडी काढली नाही. आधी पिशवीत हात घालून दुकानाचं बिल काढलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, सगळं, खालच्या सहीपर्यंत. मग हसली. एवढ्या मोठ्यानं, की मला इकडे ऐकू आलं. साडी उलगडून तिनं खांद्यावर टाकली आणि भावाला शेजारी बस म्हणून जमीन थोपटली.

साडी भडक गुलाबी होती. तिला अजिबात शोभत नव्हती. माझ्या कपाटात असली साडी मी कधी ठेवली नसती.

त्यांच्या पलीकडे माझे भाऊ विहिरीवर होते. आल्याला पाणी सोडायचं चाललं होतं. मी माझ्या बांधावर उभी राहिले, अगदी कडेला, दिसेन अशी. थोरल्यानं मान वर केली. हिराक्काच्या हसण्याकडे बघितलं, आणि पुन्हा पाण्याकडे वळला.